बशीतलं रिंगण आणि डोक्यातला कोंडा

यंदा गणपतीत आमच्या पडवीवर आरतीनंतर भांडण पेटलं, आणि तेही सामायिक सातबाऱ्यावरून नव्हे, कोंड्यावरून. माझी भाची सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या प्रकल्पासाठी तिने लवंग, दालचिनी, हळद, मिरी आणि तिरफळ यांचे अर्क काढले आणि कोंड्याशी संबंध असलेली बुरशी काचेच्या बशीत वाढवून तिच्यावर ते चालतात का ते पाहिलं. पाचांपैकी चौघांभोवती बुरशी वाढली नाही. त्या बशीचा फोटो कुणीतरी गावच्या ग्रूपवर टाकला आणि वर मथळा चढवला, ‘कोकणी मसाल्यांनी कोंड्याचा खात्मा’. मग काय, आमचे थोरले काका मोदकाची वाटी हातात तशीच धरून म्हणाले, “आमच्या आवशीन जन्मभर खोबरेल आणि माको लायलो, म्हातारपणीसुद्धा केस कमरेपर्यंत होते. ह्येका काय प्रयोगशाळा व्हयी?” मुंबईहून आलेला डॉक्टर पुतण्या हसून म्हणाला, “काका, आजीचे केस हा पुरावा नसतो. हे सगळं फोडणीचं सामान आहे, औषध नाही.” पुढचा अर्धा तास एकीकडे ऋषिमुनी आणि दुसरीकडे पाश्चात्त्य विज्ञान असा सामना रंगला. जिने प्रयोग केला होता ती बिचारी आत केळीची पानं पुसत होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

मला दोघांचंही पटलं नाही. मसाल्याच्या झाडांत बुरशी रोखणारी द्रव्यं आहेत यात वाद घालण्यासारखं काही नाही. लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल, दालचिनीच्या सालीतलं सिनॅमाल्डिहाइड यांची ही ताकद जगभरच्या प्रयोगशाळांनी पुन्हापुन्हा पाहिली आहे. पण बशीत बुरशी रोखणं आणि माणसाच्या डोक्यावरचा कोंडा कमी करणं यांच्यात चांगलं दोन-चार कोसांचं अंतर आहे, आणि ते चालून बघायला आपल्यापैकी कुणी तयार नाही. अभिमानवाले बशीपाशीच थांबून गुलाल उधळतात. हेटाळणीवाले बशी बघण्याआधीच नाक मुरडतात. ज्याच्या परसात ही झाडं उभी आहेत त्या कोकणी माणसाचं नुकसान मात्र दोघंही सारखंच करतात. एक त्याला खोटं प्रमाणपत्र देतो, दुसरा खऱ्या परीक्षेलाच बसू देत नाही.

आधी ती बशी नीट बघू. भाचीने मला मोबाइलवर फोटो मोठा करून दाखवला. काचेच्या उथळ बशीत पिवळसर आगर, म्हणजे बुरशी वाढवायची जेलीसारखी खळ, त्यावर सायीसारखी पसरलेली बुरशी, आणि मधे कागदाच्या पाच छोट्या चकत्या. चार चकत्यांभोवती स्वच्छ रिंगण, म्हणजे तिथवर पोचलेल्या अर्काने वाढ थांबवली. हळदीच्या चकतीभोवती काहीच नाही. फोटोच्या कडेला सहावी चकती अर्धी कापली गेली होती. ती कसली, असं विचारल्यावर भाची जरा घुटमळली. “ती नुसत्या अल्कोहोलची, मामा. तिच्याभोवतीपण थोडं रिंगण आहे.” ग्रूपवर फिरलेल्या फोटोत ही सहावी चकती कापलेली होती. अर्क अल्कोहोलमध्ये काढला, आणि अल्कोहोल स्वतःच बुरशीला जगू देत नाही. चकती पुरती वाळू दिली नाही तर रिंगणातला किती भाग लवंगेचा आणि किती अल्कोहोलचा हे सांगायचं कुणी? भाचीने ते वहीत प्रामाणिकपणे लिहिलं आहे, दोन्हींची वजाबाकीही केली आहे, आणि लवंग-दालचिनी त्या वजाबाकीनंतरही उरतात. फोटोला मात्र वही जोडलेली नसते.

गंमत म्हणजे ही बशी मसाल्यांवर अन्यायही करते. आगर म्हणजे मुख्यतः पाणी. तेलकट द्रव्यं त्यातून लांब पसरत नाहीत. म्हणजे एखादा जहाल पण तेलकट अर्क चकतीपाशीच अडकून छोटं रिंगण देईल आणि एखादा मवाळ पण पाण्यात विरघळणारा अर्क मोठं. रिंगणाच्या मिलिमीटरवरून ‘लवंग पहिली, तिरफळ तिसरं’ असा निकाल लावणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला खाडी ओलांडायला लावून त्याची अक्कल मोजणं. हळदीचंही तसंच. तिच्यातलं कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. तिची चकती कोरी राहिली यावरून हळद कुचकामी ठरत नाही. आणि रिंगणात वाढ दिसत नाही याचा अर्थ तिथली बुरशी मेली असाही नव्हे. कदाचित ती नुसती दबा धरून बसली असेल. तेव्हा मथळ्यातला ‘खात्मा’ बशीतसुद्धा सिद्ध झालेला नाही.

आता ही बुरशी कोण, ते बघू. तिचं नाव मॅलॅसेझिया. लुई-शार्ल मालासे या फ्रेंच संशोधकाने 1874 मध्ये तिचं वर्णन केलं, त्याच्यावरून पडलेलं. ही यीस्टच्या जातीची बुरशी आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर असते. कोंडा असलेल्याच्या आणि नसलेल्याच्याही. तिला स्वतःची मेदाम्लं, म्हणजे तेल-तुपाचे मूळ घटक, बनवता येत नाहीत. 2007 मध्ये तिच्या एका जातीचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा मेदाम्लं घडवणारं मुख्य जनुकच तिच्यात नसल्याचं दिसलं. म्हणून ती आपल्या डोक्यावरच्या तेलावर जगते. त्वचेतून पाझरणारा स्निग्धांश फोडते, त्यातली संपृक्त मेदाम्लं खाते आणि ओलेइक आम्लासारखी असंपृक्त मेदाम्लं मागे टाकते. काहींच्या त्वचेला हा उष्टा माल सोसत नाही. मग त्वचेच्या पेशी घाईघाईने तयार होतात, अर्ध्याकच्च्या सुटतात, आणि खांद्यावर भुसा पडतो. 2005 च्या सुमारास काही संशोधकांनी लोकांच्या डोक्याला नुसतं ओलेइक आम्ल लावून पाहिलं. ज्यांना कोंड्याची सवय होती त्यांच्याच डोक्यावर पापुद्रे आले, इतरांच्या नाही. म्हणजे कोंड्याला तीन जण लागतात, तेल, बुरशी आणि ते न सोसणारी त्वचा. बशीत यांपैकी एकटी बुरशी असते.

कोकणी माणसाला हे सांगायचं तर मॅलॅसेझिया हे आपल्या डोक्यावरचं कूळ आहे. पिढ्यान्पिढ्या तिथंच राहिलेलं, आणि कूळकायद्याने पक्कं झालेलं. त्याला कायमचं हुसकावता येत नाही, नांगरट किती करू द्यायची एवढंच ठरवता येतं. जगातल्या जवळपास निम्म्या प्रौढांना कधी ना कधी कोंडा होतो, जातो, परत येतो, तो यामुळेच. शिवाय डोक्यावर ती एकटी नसते, तिच्या शेजारी जिवाणूंचीही वस्ती असते. 2013 मध्ये फ्रान्समधल्या एका अभ्यासात असं दिसलं की कोंडा असलेल्या डोक्यांवर एका जातीचे जिवाणू कमी आणि दुसऱ्या जातीचे जास्त होते. सरसकट सगळ्यांना मारणारा जहाल अर्क ओतणं म्हणजे उंदीर मारायला अख्खं भाताचं कोठार पेटवण्यासारखं होईल. ‘सगळे जंतू नष्ट’ ही जाहिरात मला म्हणूनच औषधापेक्षा धमकीसारखी वाटते.

आणि या बुरशीवरचा आरोप तरी किती वर्षांनी शाबीत झाला? मालासेनंतर शंभरेक वर्षं वैद्यकात हाच वाद चालू होता. ती सगळ्यांच्याच डोक्यावर असेल तर दोषी कशी? 1970 च्या दशकात तर त्वचारोगातल्या मोठ्या अधिकारी माणसांचं मत असं होतं की पेशींची वाढच बिघडलेली असते आणि बुरशी केवळ भुशावर चरायला येते. पारडं फिरलं ते 1980 च्या दशकात, किटोकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध आल्यावर. ते बुरशीवर काम करतं आणि ते दिल्यावर कोंडाही कमी होतो, हे माणसांवर दिसलं, तेव्हा कुठे निकाल लागला. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दिसणं पुरेसं ठरलं नाही. एका शतकाच्या भांडणाचा निकाल डोक्यांवर लागला. मग आपल्या लवंगेचा निकाल बशीत लागावा हा आग्रह कशासाठी?

आता ‘अर्क’ या शब्दाकडे वळू, कारण सगळी गफलत तिथे आहे. रत्नागिरीजवळ भाट्याला नारळाचं संशोधन केंद्र आहे. नारळाच्या बागेत दालचिनी, जायफळ, मिरी लावून ‘लाखी बाग’ करायची कल्पना तिथली, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली ‘कोकण तेज’ ही दालचिनीची जात आज कित्येकांच्या परसात आहे. माझ्याकडेही तिची चौदा झाडं आहेत. पावसात साल काढतो, पानं तमालपत्र म्हणून विकतो. याच एका झाडाच्या सालीच्या तेलात मुख्य द्रव्य सिनॅमाल्डिहाइड. पानांच्या तेलात मुख्य द्रव्य युजेनॉल, म्हणजे लवंगेचंच. आणि मुळाच्या सालीत कापूर. एक झाड, तीन तेलं, तीन स्वभाव. मग ‘दालचिनीच्या अर्काने कोंडा जातो’ या वाक्याला अर्थ काय राहिला? कुठल्या भागाचा अर्क? पाण्यातला, अल्कोहोलमधला की वाफेवर काढलेला? किती जोराचा? बाजारात दालचिनी म्हणून बऱ्याचदा कॅसियाची जाड सालही मिळते, ती तर निराळीच. तिरफळाचं साधं उदाहरण घ्या. बांगड्याच्या आमटीत आपण टरफल टाकतो, बी फेकून देतो. स्वयंपाकघरातल्या बाईला कुठला भाग कामाचा हे नेमकं ठाऊक असतं. तोच नेमकेपणा तेलाच्या बाटलीवर यायला नको?

काकांच्या बाजूचा सगळ्यात मजबूत मुद्दा मला मान्य आहे. पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव ही फुकाची गोष्ट नसते. खोबरेलाचंच बघा. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात खनिज तेल आणि सूर्यफूल तेल यांच्या तुलनेत खोबरेलाने केसांतली प्रथिनं जाण्याचं प्रमाण कमी झालं. ते केसाच्या आत शिरतं आणि बाकीची दोन्ही वरवर राहतात. (हा अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांचा होता, हेही सांगून टाकतो. म्हणून तो खोटा ठरत नाही, पण वाचताना ध्यानात असावं.) 2021 मध्ये भारतीय स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासात तर खोबरेलाने डोक्यावरच्या सूक्ष्मजीवांची घडी सुधारल्याचं आढळलं. म्हणजे काकांची आई अगदीच चूक नव्हती. पण तिने काय काय केलं होतं? खोबरेल लावलं, माका लावला, शिकेकाईने खसखसून धुतलं, फणीने विंचरलं, उन्हात केस वाळवले. यातल्या कशाने काम केलं? शिकेकाई आणि रिठ्यात फेस करणारी द्रव्यं असतात, ती नुसतं डोक्यावरचं जास्तीचं तेल काढूनच बुरशीचा घास कमी करत असतील. दुसरीकडे, प्रयोगशाळेत ही बुरशी वाढवायची असली तर आगरवर ऑलिव्हचं तेल घालावं लागतं, नाहीतर ती उगवतच नाही. तेव्हा कोंड्याच्या डोक्यावर रात्रभर तेल थापून ठेवणं हे सगळ्यांच्या बाबतीत शहाणपणाचं असेलच असं नाही. आणि तेलाने पापुद्रे मऊ होऊन केसांना चिकटतात. कोंडा गेला आणि कोंडा दिसेनासा झाला या वेगळ्या गोष्टी आहेत. आरशासमोर तो फरक कळत नाही. कोंड्याचा मांडा करून खाणारी आपली जात, ही ओढाताण आपल्याला कळायला हवी.

पडवीवर काकांनी शेवटचा हुकमी एक्का काढला, तो हळदीच्या पेटंटचा. “अमेरिकेन हळद चोरली, आमच्या माशेलकरांनी परत आणली. खोटी असती तर चोरली असती काय?” ही गोष्ट आपण इतक्या वेळा सांगतो की नेमकं काय घडलं ते विसरून गेलोय. 1995 मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या संशोधकांना हळदीने जखम भरण्याच्या वापरावर पेटंट मिळालं. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं, जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवले, आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. माशेलकर मूळचे गोव्यातल्या माशेलचे, म्हणजे आपल्याच किनाऱ्याचे. अभिमान जरूर वाटावा. पण आपण जिंकलो कशावर? हा वापर नवा नाही, आम्हाला आधीपासून ठाऊक आहे, या मुद्द्यावर. पेटंट खात्याला जुनेपणाचा पुरावा हवा होता, तो आपण दिला. हळदीने जखम किती भरते, किती दिवसांत, कुठल्या मात्रेत, हा प्रश्न त्या दाव्यात नव्हताच. जुनं असणं आणि खरं असणं यांची सरमिसळ आपण त्या विजयाच्या आनंदात करून टाकली, आणि पाव शतकानंतरही तिच्यावरच भांडतोय.

‘नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना’ हे काकांच्या बाजूचं उरलेलं वाक्य. याचं उत्तर माझ्या कपाळावर होतं. दोन वर्षांमागे चतुर्थीच्या आठवडाभर आधी मी एका प्रदर्शनातून दालचिनीच्या सालीच्या तेलाची छोटी बाटली आणली. अंदाजाने खोबरेलात घातली आणि रात्री डोक्याला चोळून झोपलो. पहाटे उठलो तो डोकं निखाऱ्यावर ठेवल्यासारखं. आरशात बघितलं तर केसांच्या कडेने कपाळावरून कानापर्यंत लालभडक पट्टा, जणू कुणी कुंकवाचं बोट ओढून ठेवलंय. दोन दिवसांनी त्यातून पाणी सुटायला लागलं. त्वचेच्या डॉक्टरांनी बाटली मागितली आणि उलटसुलट करून बघितली. लेबलवर नारळाचं चित्र होतं आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक’ ही अक्षरं. किती थेंब किती तेलात, कुठल्या भागाचं तेल, काही म्हणजे काही नाही. डॉक्टर म्हणाले, “यात खोटं काही नाही. नैसर्गिकच आहे, म्हणून तर एवढं भाजलं.” सिनॅमाल्डिहाइड आणि युजेनॉल ही दोन्ही त्वचेला वावडी ठरणारी म्हणून नावाजलेली द्रव्यं आहेत. सुगंधाची ॲलर्जी तपासायला डॉक्टर पाठीवर जी पट्टी लावतात, तिच्या नेहमीच्या मिश्रणात दोघं असतात. युरोपात सौंदर्यप्रसाधनात ती ठरावीक प्रमाणाच्या वर असली तर लेबलवर नाव छापावं लागतं. ज्या गुणाने ती बुरशीला झोंबतात तेच माझ्या कपाळाला झोंबलं. ताकद असेल तर अपायाची शक्यताही आलीच. अपाय शून्य असं कुणी शपथेवर सांगू लागला तर ताकदही शून्य असावी अशी शंका घ्यावी. यापेक्षा मोठा धोका उशिराचा. लहान मुलाच्या डोक्यावर पापुद्रे दिसले तर तो कोंडा असेलच असं नाही, गजकर्णाची बुरशी केसांच्या मुळात शिरलेली असू शकते. तिला पोटातून औषध लागतं, तेल-लवंगेत महिने गेले तर केस कायमचे जाऊ शकतात. मोठ्यांत सोरायसिसही कोंड्यासारखा दिसतो.

एवढं वाचून पुतण्या खूश झाला असेल. त्याने जरा थांबावं.

त्याचंही एक म्हणणं मी मानतो. बशीत बुरशी मारणाऱ्या गोष्टींची यादी न संपणारी आहे, आणि त्यातल्या फारच थोड्या कधी औषध होतात. हे खरं. पण यावरून ‘फोडणीचं सामान’ असा शेरा मारायचा अधिकार कसा मिळतो? आपल्याच किनाऱ्याचा एक माणूस आठवा. पेडण्यातल्या मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी, पाश्चात्त्य वैद्यक कोळून प्यालेले. या माणसाने कुष्ठरोगावर कडू कवठाच्या कुळातल्या झाडाच्या बियांचं तेल वापरून पाहिलं. त्यांना ते वेडगळ वाटलं नाही, आणि नुसतं पूर्वजांनी सांगितलंय म्हणून पुरेसंही वाटलं नाही. रोग्यांवर वापरून काय होतं ते बघायला ते निघाले होते. त्यांचं निधन 1874 मध्ये झालं, मालासेच्या बुरशीचं वर्णन झालं त्याच वर्षी. पुढे याच कुळातलं चालमोगऱ्याचं तेल जगभर कुष्ठरोगासाठी वापरलं गेलं. अडचण अशी की ते पोटात घेतलं तर मळमळ, सुईने टोचलं तर घट्टपणामुळे गाठी. 1915 च्या सुमारास हवाईतल्या ॲलिस बॉल या विशीतल्या कृष्णवर्णीय रसायनतज्ज्ञ मुलीने त्या तेलाचं असं रूप तयार केलं की ते शरीरात सहज टोचता येईल. वर्षभरात ती वारली, पण तिची पद्धत पुढची कित्येक वर्षं वापरात राहिली. 1940 च्या दशकात सल्फोन औषधं आली आणि चालमोगरा मागे पडला. या गोष्टीत दोन्ही बाजूंना चिमटे आहेत. झाडाचं तेल हातात असणं पुरेसं नव्हतं, कुणीतरी ते वापरण्याजोगं करायला हवं होतं. आणि शेवटी जास्त चांगलं मिळाल्यावर लोकांनी ते सोडूनही दिलं, कुणाची अस्मिता दुखावली नाही. पण भाऊ दाजींनी ते ‘बियांचं तेल’ म्हणून हसण्यावारी नेलं असतं तर?

कोंड्याचं तर थेट उदाहरण आहे. ऑस्ट्रेलियातल्या टी ट्री या झाडाचं तेल तिथले आदिवासी वापरत आले. तिथल्या संशोधकांनी 126 कोंडेवाल्या माणसांना चार आठवडे शाम्पू दिला. काहींच्या शाम्पूत 5 टक्के टी ट्रीचं तेल, बाकीच्यांच्यात ते नाही. 2002 मध्ये निकाल छापला. तेलवाल्या गटात कोंडा 41 टक्क्यांनी कमी झाला, बिनतेलाच्या गटात 11 टक्क्यांनी. मला या दोन आकड्यांतला 11 जास्त मोलाचा वाटतो. नुसत्या शाम्पूने, नुसत्या ‘आपल्यावर काहीतरी उपचार चाललाय’ या भावनेने, नुसत्या ऋतू बदलण्याने एवढा फरक पडतो. आपल्या प्रदर्शनांतल्या ‘माझा कोंडा गेला’ छापाच्या अनुभवांतून हा 11 वजा करायला कुणी बसलंय का? आणि पुतण्याला विचारतो, 41 आणि 11 मधला फरक दिसल्यावरही तू त्याला फोडणीचंच सामान म्हणशील?

शिवाय ‘केमिकल’ म्हणजे सुरक्षित आणि तपासलेलं, ही त्याची श्रद्धाही काकांच्या श्रद्धेची सख्खी बहीण आहे. कोंड्याच्या शाम्पूंत वर्षानुवर्षं असलेलं झिंक पायरिथिऑन युरोपीय संघाने मार्च 2022 पासून सौंदर्यप्रसाधनांतून काढून टाकलं, प्रजननाला घातक या वर्गात गेलं म्हणून. अमेरिकेत ते आजही चालतं. ज्या किटोकोनॅझोलने बुरशीचा खटला निकाली काढला, त्याच्या गोळ्यांवर 2013 मध्ये यकृताच्या त्रासामुळे युरोप-अमेरिकेत कडक बंधनं आली. तेच औषध शाम्पूत मात्र चालतं, कारण डोक्यावरून ते रक्तात फारसं उतरत नाही. म्हणजे इथेही प्रश्न तोच आला. किती, कशातून, किती वेळ? बशीत चकती तीन-चार दिवस बुरशीच्या मानगुटीवर बसलेली असते. न्हाणीघरात शाम्पू डोक्यावर दोन मिनिटं असतो, आणि बाहेरून कुणीतरी “आटप लवकर, पाणी जातलां” म्हणून ओरडत असतं.

राहिला खर्चाचा मुद्दा. पडवीवरच्या भांडणात तो कुणीच काढला नाही, पण खरा अडसर तोच आहे. गावाकडच्या कॉलेजला बशी परवडते, माणसांवरची चाचणी परवडत नाही. म्हणून दरवर्षी नवी पोरं येतात, नव्या मसाल्याचा अर्क काढतात, नवी रिंगणं मोजतात आणि वही कपाटात जाते. याला मी पोरांचा दोष मानत नाही. पण हे काही चंद्रावर यान पाठवण्याचं काम नव्हे. ओरोसला आणि रत्नागिरीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. दापोलीकडे झाडं आहेत, जातींची माहिती आहे. बचत गटांकडे तेल बनवणारे हात आहेत. साठ-सत्तर कोंडेवाली डोकी कुठल्याही एका तालुक्यात एका सकाळी जमतील. माणसांवरच्या चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या समितीची परवानगी घ्यायची, देशाच्या चाचण्यांच्या नोंदवहीत नाव घालायचं, अर्ध्यांना अर्काचं आणि अर्ध्यांना बिनअर्काचं द्यायचं, आणि ज्याला कुणाला काय मिळालं ते माहीत नाही अशा माणसाने महिन्याने पापुद्रे मोजायचे. निकाल ‘फरक नाही’ असा आला तरी ते पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. निदान पुढच्या पोरीला तोच अर्क परत काढावा लागणार नाही. प्रदर्शनांच्या मंडपांवर आणि उद्घाटनाच्या फलकांवर जो पैसा जातो, त्यातला थोडा इकडे वळवा म्हणणं फार झालं का?

मागच्या महिन्यात आठवडी बाजारात तेल विकणाऱ्या एका बाईंशी बोललो. “काका, ह्या लावा, आठ दिवसांत कोंडो गेलो नाय तर माका सांगा.” मी विचारलं, लवंग किती घालता? “मूठभर.” कुणाची मूठ? त्या हसल्या, मग गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “माझी आणि सासूबायची येगळीच हा. तिची बाटली जास्त खपता.” यातला शेवटचा भाग मला भाचीला कळवावासा वाटला.

भाची सध्या कोंड्याच्या चाचणीचा कच्चा आराखडा करते आहे, तिच्या बाई आणि एक त्वचारोगाचे डॉक्टर मदतीला आहेत. परवा तिने माझ्यापुढे दोन सारख्या बाटल्या ठेवल्या, एकीवर ‘अ’, दुसरीवर ‘ब’. “मामा, लावू नका हां, फक्त बघा, ओळखता येतात का?” बूच उघडलं आणि मी डोळे मिटून सांगितलं, ‘ब’ लवंगेची. तिचा चेहरा पडला. वास लपवल्याशिवाय कुणाला काय मिळालंय हे गुपित राहणार नाही, आणि ते राहिलं नाही तर ऑस्ट्रेलियातला तो 11 टक्क्यांचा खेळ इथे फुगून बसणार. दोन्ही बाटल्यांत थोडा कापूर टाकला तर लवंगेचा वास दबेल, असं तिच्या आईने सुचवलं. आता कापूर एकटाच त्या बुरशीला त्रास देतो का, हे आधी बघावं लागणार आहे. बश्या तिने सोमवारी लावल्यात.